नन्सच्या सिनेमावरची एकतीस मतं

मार्केटच्या इमारतीचा जिना जिथे वळतो, त्याच्या खाली एक तिरपी खोली होती. तिथे रिवाइंड मावशींचं कॅसेटचं दुकान होतं. उंच गिऱ्हाइकाला आत शिरताना मान लववावी लागायची. "वाकल्याशिवाय इथे सिनेमा मिळत नाही," असं मावशी गंभीर चेहऱ्याने सांगायच्या. फळ्या एका बंद पडलेल्या चपलांच्या दुकानातून आणलेल्या. त्यातल्या एकीवर "लहान मुलांचे" असं रंगवलेलं तसंच राहिलं होतं, आणि भुताखेतांचे सिनेमे नेमके त्याच फळीवर.

रिवाइंड हे नाव आम्ही ठेवलेलं. पाहून झालेली कॅसेट मागे गुंडाळून आणायची हा तिथला नियम होता. न गुंडाळता आणली तर मावशी रागवायच्या नाहीत. त्या माणसाला काउंटरपाशी उभं करायच्या, कॅसेट त्यालाच मशीनमध्ये घालायला लावायच्या, आणि मशीन घरघरत असेपर्यंत सिनेमावर प्रश्न विचारायच्या. "त्या बाईने पत्र फाडलं ते बरोबर केलं का? तुम्ही असता तर?" चांगले बापे घाम पुसत बाहेर पडायचे. रागावून घेणं परवडलं, पण हे नको.

कॅसेटच्या आधी मावशी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. बावीस वर्षं. हेडफोनच्या पट्टीने केसांत जी आडवी खाच पडली होती ती कधी भरली नाही. त्या सांगायच्या, "लाइन जोडायची, दोन्हीकडून हॅलो ऐकू आलं की कान काढून घ्यायचा. हजारो माणसांचं हॅलो ऐकलंय मी. पुढे काय बोलली ते एकाचंही माहीत नाही." मग आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि सगळ्या ऑपरेटरणी एका दिवसात घरी बसल्या. मावशींनी हे दुकान काढलं आणि एक पद्धत घातली, जी मी दुसऱ्या कुठल्याच दुकानात पाहिली नाही. प्रत्येक कॅसेटच्या डब्यात एक रेघांचं कार्ड, भरलं की त्याला दुसरं टाचलेलं. पाहणाऱ्याने आपलं मत त्यावर लिहायचं. नाव लिहायचं नाही, धंदा लिहायचा. मत नसेल तर पुढची कॅसेट नाही.

आज लोक सिनेमाला तारे देतात. पाचपैकी साडेतीन. हे काय मत झालं? पाहुणा जेवून उठला, "कसं होतं?" विचारलं आणि त्याने साडेतीन बोटं दाखवली, तर त्याला परत बोलवाल का? मावशींच्या कार्डावर "छान" एवढंच लिहिलं तर कार्ड परत यायचं. "काय छान?" असं त्यांच्या बारीक अक्षरात खाली लिहिलेलं असायचं.

मी तेव्हा दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धूत होते आणि तिथल्या बायकांची युनियन बांधत होते. शाळा सहावीत सुटलेली. वाचायला शिकले ती नोटीस बोर्डावरून, कारण साहेबाने काय चिकटवलंय ते कळल्याशिवाय भांडता येत नाही. लिहायला मात्र शिकले ते मावशींच्या कार्डांवर. माझं मत पाच ओळींच्या खाली कधी गेलं नाही. मावशी मला पुढारीणबाई म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मी कधी मोजलं नाही. मोजलं असतं तर भांडण झालं असतं.

तर तो नन्सचा सिनेमा. दुसऱ्या एका दुकानाचा माल विकायला निघाला त्यात मावशींनी चाळीस कॅसेटी एकगठ्ठा घेतल्या, त्यांत हा आला. इटलीत काढलेला, बोलणं इंग्रजीत चिकटवलेलं. बाईचे ओठ मिटायचे आणि आवाज मागून चालू राहायचा. एक जुना मठ, पाच नन्स, एक खाष्ट मुख्य मदर. मठाच्या तळघरात कुलूप लावलेलं एक दार असतं आणि त्यामागून रोज ठोकल्याचा आवाज येतो. पैसे कमी पडलेत हे पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. लांबलचक व्हरांडा म्हणून जो दाखवला होता तो एकच व्हरांडा सहा वेळा, कधी डावीकडून, कधी उजवीकडून. पण आमच्याकडे त्या कॅसेटला तोड नव्हती. एक परत येते न येते तोच दुसरा उभा.

कारण होतं तिचं कार्ड. मला ते अजून पाठ आहे.

बेकरीवाल्याने लिहिलं होतं: "रक्त पातळ आहे. त्यापेक्षा माझा जॅम खरा वाटेल. भीती वाटली नाही, भूक लागली." प्लंबर: "तळघराला ओल नाही, प्लास्टर ताजं. कुठलंही भूत असल्या कोरड्या जागेत राहणार नाही. कामगार हुशार, मालक कंजूष." शिंपीणबाईंनी आकडाच दिला होता: "नन्स पाच, झगे तीन. ज्या दोघी पाठमोऱ्या आहेत त्यांचे काळे पडदे आहेत, शिवण दिसते." त्यांच्या खाली त्यांच्या यजमानांचं, म्हणजे शिंप्याचं: "शेवट छान." शिंपी प्रत्येक सिनेमाला दहाव्या मिनिटाला झोपायचा आणि प्रत्येक कार्डावर "शेवट छान" लिहायचा. मावशींनी त्याला विचारणं सोडून दिलं होतं. पोस्टमनचं मत मला सगळ्यांत आवडायचं: "एवढा मोठा मठ आणि कुणाला एक पत्र येत नाही. ठोकल्याच्या आवाजापेक्षा हे भयंकर."

सहावं मत माझं.

त्या आठवड्यात व्हीसीआर माझ्याकडे होता. आम्ही धुलाईखान्यातल्या चौघींनी मिळून घेतलेलं ते तिसऱ्या हाताचं मशीन, झाकण रबराने बांधलेलं, प्रत्येकीकडे आठवडाभर. सिनेमा ऐन रंगात आला. पाच जणी मेणबत्त्या घेऊन तळघरात उतरल्या. धाकटीने किल्ली फिरवली. दार कुरकुरत उघडलं, आणि पडद्यावर नुसत्या काळ्या-पांढऱ्या मुंग्या. मी मशीनला थापट्या मारल्या. काढून घातली, पुसून घातली. मुंग्याच. मला वाटलं आमच्या खटाऱ्याने दगा दिला. कार्ड वाचलं तर चौथं मत "शेवट छान". शिंपी झोपतो हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, म्हणजे लोकांना शेवट दिसला. आपलं मशीन भंगार आहे म्हणून पुढारीणबाईंना शेवट कळला नाही, हे मी लिहिणार? माझ्या नाकावर तेव्हा माशी बसत नव्हती.

मी शेवट रचला. दारामागे त्या जुन्या नन्स निघतात ज्यांनी वर्षानुवर्षं राबून एक दिवस सुट्टी मागितली आणि मदरने त्यांना भिंतीत चिणलं. त्या बाहेर येतात. हातात पळ्या, झाडू, कपडे बडवायची धोपटणी. मदरला तळघरात कोंडतात, झगे अंगणात जाळतात आणि मठाचं फाटक उघडून चालत्या होतात. भुतांचीही मी युनियन बांधली, दुसरं येतंय काय मला. अकरा ओळी झाल्या. खाली लिहिलं: धुलाई कामगार.

माझ्यानंतर न्हावी आला. त्याने माझ्या जाळाभोवती सगळ्या नन्सना नाचवलं, आणि अंगावर कपडे ठेवले नाहीत. पुढच्याने त्यात एक पाद्री घातला. त्याच्या पुढच्याने पाद्र्याचं जे करायचं ते केलं. मत एकतीसपर्यंत शेवट एवढा वाढला की तो दाखवायला तीन कॅसेटी लागल्या असत्या.

आणि अकरावं मत दवाखान्यातल्या सिस्टरचं. खऱ्याखुऱ्या नन, बायकांच्या वॉर्डच्या प्रमुख. त्यांचे पांढरे झगे माझ्याच हाताखालून जायचे. त्यांनी लिहिलं होतं: "आम्ही जिन्यावरून असं धावत नाही, धावलो तर पडतो. डोक्यावरच्या कापडाच्या पिना चुकीच्या जागी आहेत. पण जेवताना कुणी बोलत नाही आणि फक्त चमचे वाजतात, ते खरं आहे. पहिल्या वर्षी मला त्या आवाजाची भीती वाटायची. शेवटी त्या फाटकातून बाहेर पडतात ते पाहून बरं वाटलं."

हे वाचून मी चक्रावले. म्हणजे खरंच बाहेर पडतात की काय? आपला अंदाज इतका बरोबर? मी महिनाभर कॉलर ताठ करून फिरत होते.

मग ते कार्ड चेअरमनच्या हाती लागलं.

चेअरमन म्हणजे मार्केट कमिटीचे चेअरमन, तळमजल्यावर बाथरूमच्या फरशांचं दुकान. त्यांना जिन्याखालची खोली फरशांसाठी गोडाऊन म्हणून हवी होती. हे साऱ्या मार्केटला ठाऊक होतं. त्यांच्या बाईंनी सिनेमा दुसऱ्यांदा नेला होता, डबा टेबलावर राहिला, साहेबांनी कार्ड वाचलं. दोन दिवसांत नोटीस लागली. जिन्याखालच्या दुकानात धर्मातल्या स्त्रियांची विटंबना करणारा सिनेमा भाड्याने दिला जातो, सबब खोली काढून घ्यावी की कसे, यावर रविवारी सकाळी दहाला सभा.

मावशींना दुसरं काही नव्हतं. मूल नाही, नवरा कधीच गेलेला, आणि टेलिफोनच्या कामाला आता कुणी विचारत नव्हतं. खोली गेली म्हणजे सगळंच गेलं. नोटीस वाचून त्यांनी फक्त एवढं विचारलं, "ते कार्ड परत देतील ना?"

रविवारी दुसऱ्या मजल्याचा हॉल भरला. प्लॅस्टिकच्या खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक खिडक्यांत बसले. माझ्या धुलाईखान्यातल्या बायका मागच्या रांगेत. चेअरमननी चष्मा लावला आणि कार्ड मोठ्याने वाचायला घेतलं. रक्त आणि जॅमवर लोक हसले. माझ्या शेवटावर मागचे लोक खुर्च्या पुढे ओढू लागले. न्हाव्याच्या मतावर दोन म्हाताऱ्यांनी मान खाली घातली, कान मात्र वरच ठेवले.

वाचून झाल्यावर मी उठले. त्या दिवशी तोंडाचा जो पट्टा सोडला तो सोडला. फरशांचं गोडाऊन काढलं, कमिटीची हुकूमशाही काढली, एकट्या बाईच्या पोटावर पाय देणाऱ्यांच्या सात पिढ्या काढल्या. दहा मिनिटं बोलले. मागून टाळ्या पडल्या. फक्त एकच वाक्य बोलले नाही, जे बोलायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"झालं?" चेअरमन म्हणाले. "आता मला एकच सांगा, मावशी. हे जे लिहिलंय, जाळ, नाच, पाद्री, हे सिनेमात आहे की नाही? हो किंवा नाही."

मावशी पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. "ज्यांचं मत आहे त्यांना विचारा," त्या म्हणाल्या.

"सिनेमा तुमचा आहे."

"कॅसेट माझी आहे. मत त्यांचं. मी त्यात बोलत नाही."

"म्हणजे हो समजायचं?"

"तुम्ही काय समजायचं ते तुम्ही बघा."

"तोंडाला कुलूप लावून खोली वाचत नसते, बाई."

"माझा सगळा जन्म तोंडाला कुलूप लावण्यात गेला. पगार त्याचाच मिळायचा."

खोली काढून घ्यावी असं ज्यांना वाटतं त्यांना चेअरमननी हात वर करायला सांगितले. एकेक हात वर यायला लागला, आणि मी खुर्चीला चिकटलेली. त्या जाळाची पहिली काडी माझी होती. पण मागे माझ्या बायका होत्या, ज्यांच्यासमोर मी साहेबाचा खोटेपणा कागदावर बोट ठेवून दाखवायचे. त्यांच्यासमोर उठून काय सांगू, की तुमची पुढारीण न पाहिलेलं लिहिते? मी मनात म्हटलं, अजून दोन-चार हात वर येऊ देत, मग बघू. आयुष्यात मी कधी इतकी घाबरले नव्हते, लाठीलाही नाही.

तेवढ्यात खिडकीपाशी सिस्टर उभ्या राहिल्या. आवाज वॉर्डात बोलतात तसा, हळू.

"अकरावं मत माझं आहे. विटंबना झाली तर ती माझी व्हायला हवी, म्हणून बोलते. मी शेवट पाहिलेला नाही. दार उघडलं आणि पुढे मुंग्या आल्या. मला वाटलं आमच्या मशीनचा दोष. वरचं सहावं मत वाचलं आणि तसंच लिहून टाकलं. खोटं लिहिलं." मग त्या म्हणाल्या, "बरं वाटलं होतं, ते मात्र खरं. वाचूनच वाटलं होतं."

मी उठले. या खेपेला भाषण नव्हतं. "तो शेवट माझा आहे," मी म्हटलं. "मीही पाहिलेला नाही. माझ्याकडेही मुंग्याच आल्या. भिंतीतल्या नन्स, झाडू, जाळ, सगळं मी घरी बसून रचलं."

मागच्या रांगेतून आमची एक जण म्हणाली, "अगं बये, आणि मी त्या मशीनला चार शिव्या घातल्या."

मग न्हावी उठला. "नाच माझा," तो म्हणाला आणि लगेच बसला. प्लंबर म्हणाला तो तळघर बघून झाल्यावर उठलाच होता. शिंपीणबाईंनी नवऱ्याला कोपराने ढोसलं. "आता तरी सांगा." शिंपी म्हणाला, "मी कुठल्याच सिनेमाचा शेवट पाहिलेला नाही. पण छान असणारच."

हॉलमध्ये हसू फुटलं. चेअरमन टेबल बडवत होते. त्यांनी विचारलं, "आणि हे एकोणिसावं? 'शेवट पाहून दोन दिवस जेवण गेलं नाही.' गृहिणी. ही कोण?"

मग दुसऱ्या रांगेतून त्यांच्याच बाई म्हणाल्या, "दोन दिवस तुम्हीच बाहेर जेवलात. म्हणून लिहिलं. पाहिला मीही नाही."

चेअरमननी तरी हार मानली नाही. टीव्ही मागवला, मशीन मागवलं, म्हणाले डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ठराव नाही. आख्ख्या मार्केटने तो सिनेमा एकत्र पाहिला. व्हरांडा सहाव्यांदा आला तेव्हा सगळ्यांनी मिळून मोजला. दार उघडलं. मुंग्या. चेअरमन पुढे वाकून त्या मुंग्यांकडे बघत राहिले. चांगली वीस मिनिटं, कॅसेट संपून खटका पडेपर्यंत. त्यांना वाटत असावं की नीट बघितलं तर आत नाच दिसेल.

खोली राहिली. पण चेअरमनना रिकाम्या हाताने उठायचं नव्हतं. ठरावात एक ओळ घातली की यापुढे दुकानात कुठल्याही प्रकारचं लिखाण ठेवू नये. मी भांडायला उठत होते. मावशींनी माझा पदर धरून खाली बसवलं. "पुरे," त्या म्हणाल्या. "आज तुझा कोटा संपला."

जिना उतरताना मी त्यांना गाठलं. "तुम्हाला माहीत होतं? की शेवट नाहीच?"

"आणली त्याच दिवशी पाहिली मी. पाहिल्याशिवाय मी फळीवर ठेवते का?"

"मग सांगितलं का नाही? एका वाक्यात सुटला असतात."

"एकतीस जणांना एका दमात खोटं पाडून खोली ठेवली असती, तर त्या खोलीत आलं असतं कोण?" पायरीवर थांबून त्यांनी गुडघा चोळला. "आणि खरं सांगू? मला ते कार्ड हवं होतं. रोज सकाळी चहा पिताना पहिलं ते काढायचे. काल रात्री नन्सचं काय झालं ते बघायला."

मी विचारलं, "माझ्यावर रागावलात?"

"लिहिलंस म्हणून नाही," त्या म्हणाल्या. "दहा मिनिटं बोललीस म्हणून."

हे मला लागलं. आजही लागतं, कारण सभेत उभी राहिले की अजून माझी दहा मिनिटं होतात.

सगळी कार्डं मावशींनी घरी नेली. डबे उघडले की आत नुसती कॅसेट, कसंतरीच वाटायचं. लोक आठवडाभर फिरकलेच नाहीत. लाजले होते. मीही तीन-चार दिवस त्या जिन्यापासून लांबून गेले. मग एका दुपारी पाळी सुटल्यावर गेले, वाकून आत शिरले आणि फळीवरची हाताला लागेल ती कॅसेट उचलली. कुठल्याशा दीपगृहाच्या रखवालदाराची गोष्ट होती. मावशींनी वहीत नोंद केली.

दोन दिवसांनी परत नेली. मुद्दाम मागे न गुंडाळता.

मावशींनी कॅसेटच्या खिडकीतून टेप पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मशीन पुढे सरकवलं. मी कॅसेट घालून बटन दाबलं, घरघर सुरू झाली.

"कसा वाटला?"

पाच ओळी तोंडात तयार होत्या, घरून रचून आणलेल्या. रखवालदार म्हणजे कामगार, दिवा म्हणजे संघटना वगैरे. मी त्या गिळल्या.

"शेवट कळला नाही मला," मी म्हटलं. "पूर्ण पाहिला. मुंग्या नव्हत्या. तरी कळला नाही. तो बोट सोडून परत दीपगृहात का जातो?"

मावशींनी स्टूल पायाने माझ्याकडे ढकललं. "बस," त्या म्हणाल्या. "मलाही नाही कळला. तू पहिल्यापासून सांग, ती बाई भेटण्याआधी तो काय म्हणतो ते."